जुन्या काळ्या मशीनला खालून पुन्हा पुन्हा जाळं का होतं?

बाही जोडून कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं जाळं. वरून टीप बरी दिसते, खाली मात्र नुसता गुंता. तो कापून काढायचा, बॉबीनचा (खालच्या दोऱ्याच्या चक्रीचा) स्क्रू जरा आवळायचा, चार टिपा नीट पडतात, पाचवीला पुन्हा तेच. दुरुस्तीवाला येऊन जातो, पंधरा दिवस बरे जातात. मग घरात बोलणी सुरू होतात: मशीन म्हातारं झालं, आता विजेवरचं हलकंफुलकं घेऊ.

घाई करू नका. जाळं खाली दिसतं, पण दुखणं बहुतेक वेळा वर असतं. आणि बॉबीनचा स्क्रू आवळल्याने ते कमी होण्याऐवजी वाढतं.

शिवणीत दोन दोऱ्यांची रस्सीखेच असते. या दुहेरी टाक्याच्या मशीनचं अमेरिकेतलं पेटंट इलायस हाऊ यांनी १८४६ साली घेतलं, आणि आजची मशिनंही तोच टाका घालतात. सुई वरचा दोरा खाली नेते, शटल (बॉबीनभोवतीचा टोकदार फिरता भाग) त्याचा फास मोठा करून बॉबीनभोवती फिरवून आणतं, मग वरचा लिव्हर (सुईच्या वर, मशीनच्या डाव्या टोकाला खालीवर होतो तो) उरलेला सैल दोरा वर ओढून घेतो. इथेच गाडं अडतं. टेन्शनच्या चकत्यांनी (वरचा दोरा ज्यांच्यामधून दाबून जातो त्या दोन गोल चकत्यांनी) दोरा धरून ठेवला असेल तरच लिव्हर खालचा सैल दोरा ओढतो. चकत्या सैल असतील तर त्याला रिळावरून नवा दोरा ओढणं सोपं जातं. खालचा सैल फास तसाच राहतो, पुढचा त्याच्यावर येतो, आणि इंचभर टिपेत जाळं तयार. अशा वेळी बॉबीन आवळली की खालचा दोरा रस्सीखेचीत आणखी जिंकतो आणि वरचा दोरा आणखी खाली खेचला जातो.

खात्री करायला वर लाल आणि खाली पांढरा दोरा घाला, दोन्ही एकाच जाडीचे आणि एकाच जातीचे. मांजरपाटाचे दोन पदर घ्या, टाका इंचाला १० ते १२ ठेवा आणि वीतभर टीप मारा. खालचं जाळं लाल निघालं तर वरचा दोरा सैल आहे. खाली जाळं न होता वरच्या बाजूला पांढरे फास दिसले, तर मात्र बॉबीनकडे बघायचं. आणखी बारीक परीक्षा हवी असेल तर टीप कापडाच्या तिरप्या दिशेने मारा आणि कापड दोन्ही हातांनी ताणा. जो दोरा तुटेल तो जास्त आवळलेला. दोन्ही जवळपास एकदमच तुटले तर ताण जमला.

पुढे सांगितलंय ते डाव्या टोकाला टेन्शन असलेल्या, डावीकडची सरकती पट्टी उघडून बॉबीन केस (बॉबीन बसते ती डबी) घालायच्या काळ्या लोखंडी मशीनबद्दल आहे. सिंगरची ही घडण १५ नंबरची. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्यात झालेल्या मशीनवर १५ के असं असतं, त्यातला ‘के’ किलबोवीचा. तो कारखाना १९८० साली बंद झाला, तरी त्या मशीनची बॉबीन केस आज तालुक्याच्या गावी शिलाईच्या सामानाच्या दुकानात मिळते. कारण हीच घडण जपानने उचलली, भारतातल्या कारखान्यांनी उचलली, आणि आपल्याकडची बहुतेक काळी घरगुती मशिनं त्याच वाणाची आहेत. आजीच्या मशीनला नातीच्या काळात सुटा भाग मिळणं ही या मशीनची खरी श्रीमंती. सोनेरी वेलबुट्टी त्यानंतर.

जाळं कधी होतं, ते आधी पाहा

फक्त टिपेच्या सुरुवातीला दोन-तीन टाक्यांचा गोळा होतो आणि पुढे सगळं नीट चालतं? मग मशीनला हात लावू नका, सवय बदला. लिव्हर सगळ्यात वर असताना टीप सुरू करायची, दोन्ही दोऱ्यांची टोकं चार बोटं लांब ठेवून फुटाखालून (कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखालून) मागे घ्यायची आणि पहिले तीन टाके पडेपर्यंत बोटाने धरायची. चाक नेहमी स्वतःकडे फिरवायचं. पायाच्या मशीनवर नव्याने बसणाऱ्याकडून पायटी उलटी मारली जाते, चाक अर्धा फेरा मागे जातं आणि तेवढ्यात शटलमध्ये दोरा अडकतो. चाकावर उजवा हात ठेवून सुरुवात करून द्यायची, हा त्यावरचा जुनाच उपाय.

पहिल्या टाक्यापासून अख्ख्या टिपेला जाळं, आणि खालचा दोरा तारेसारखा सरळ, ओढला तर सहज निघून येतो? मग वरचा ताण जवळपास नाहीच. पहिला संशय फुटावर. मागची दांडी खाली करायची राहिली असेल तर चकत्या उघड्याच असतात. जाड कापड असलं की फूट तसाही कापडाला टेकलेला दिसतो, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं शिवणाऱ्यांकडूनही होते. दुसरा संशय लिव्हरच्या भोकातून दोरा ओवायचा राहिल्याचा. तिसरा, दोरा चकत्यांच्या मध्ये न जाता कडेवरून गेल्याचा. म्हणून ओवताना फूट वर ठेवायचा. चकत्या उघड्या असतात, दोरा आत बसतो. फूट खाली ठेवून ओवलं तर तो कडेवरच राहतो.

चार-सहा इंच नीट आणि मध्येच एक पुंजका, असं होत असेल तर दोरा कुठेतरी थांबून थांबून सुटतोय. रिळाच्या कडेला खाच आहे का, बॉबीन वाकडी आहे का, चकत्यांजवळची तारेची स्प्रिंग तुटली आहे का, शटलच्या टोकाला खरवड आहे का, या क्रमाने बघा. घाऊक बाजारातला मोठा कोन मशीनच्या खुंटीवर बसवला तर तो डुलतो आणि झटके देतो. तो मशीनच्या मागे चहाच्या मगात उभा ठेवा आणि दोरा वरच्या खुंटीवरून घ्या. दोष पुष्कळदा तेवढ्याने जातो.

चकत्यांची परीक्षा

या दुखण्याची गुरुकिल्ली इथे आहे. सगळीकडून दोरा ओवा, फक्त सुईत ओवू नका. फूट वर करा आणि दोरा ओढा: तो अडथळ्याशिवाय यायला हवा. आता फूट खाली करा आणि पुन्हा ओढा: बोटाला स्पष्ट धर जाणवायला हवी. सुईत ओवून ओढलात तर सुई किंचित वाकते, इतपत.

फूट वर आणि खाली, दोन्ही वेळा दोरा सारखाच सैल येत असेल तर चकत्या बंदच होत नाहीत. चकत्यांवरचा गोल नट कितीही आवळा, उपयोग नाही. कारणं दोनच. एक, चकत्यांच्या मध्ये कापसाचा पिंजर अडकलाय. जुन्या सुती दोऱ्याचा पिंजर तेलात भिजून नखाएवढी घट्ट गादी होते आणि पाचर मारल्यासारखी चकत्या उघड्या धरते. दुसरं, चकत्यांच्या खांबातली पिन अडकलीय. फूट वर केला की आगपेटीच्या काडीहून बारीक असलेली ही पिन पुढे येऊन चकत्या उघडते, फूट खाली गेला की मागे जायला हवी. वाळलेल्या तेलात ती पुढेच चिकटून राहते. दुरुस्तीवाला झटकून देतो तेव्हा ती सुटते, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा चिकटते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या जाळ्याचं मूळ पुष्कळ मशीनमध्ये या एका पिनेत सापडतं.

आधी सोपा उपाय. फूट वर करा, नट सैल करा आणि सुती कापडाची बोटभर लांब, पातळ पट्टी चकत्यांमधून दात घासल्यासारखी मागेपुढे ओढा. काळी रेघ येत राहील तोवर पट्टी बदलत राहा.

तेवढ्याने भागलं नाही तर सोडवा. पांढरी ताटली खाली घ्या, प्रत्येक भाग काढल्यावर मोबाइलवर फोटो काढा आणि काढले त्याच क्रमाने ताटलीत ओळीने ठेवा: गोल नट, असेल तर आकड्यांची तबकडी आणि तिची अडणी, शंकूसारखी स्प्रिंग, मध्ये आडवी दांडी असलेली चकती, मग दोन टेन्शनच्या चकत्या. नट सुटताना स्प्रिंग उडते, म्हणून अंगठा वर दाबून ठेवा. चकत्या रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलपंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये बुडवून पुसा, पूर्ण कोरड्या करा. पिन बाहेर येत असेल तर ओढून पुसा, तिच्या भोकात पाइप साफ करायची तार किंवा दोरा फिरवा. बसवताना दोन्ही चकत्यांच्या फुगीर बाजू एकमेकींना टेकायला हव्यात, दोरा जायला कडेला फट राहते ती त्यामुळेच. उलट्या बसल्या तर दोरा आत शिरतच नाही. चकत्यांना तेल मात्र कधीही नाही. तेलाचा थेंब म्हणजे पुढच्या पिंजराला आमंत्रण.

त्याच ठिकाणी वरखाली उडणारी तारेची बारीक स्प्रिंग बघा. सुई कापडात शिरेपर्यंत दोरा ताठ ठेवणं हे तिचं काम. ती तुटलेली, सैल किंवा आतल्या आत अडकलेली असेल तर दोरा सुईखाली जाऊन गुंततो. ही तार स्वस्त असते, वाकवून सरळ करत बसण्यापेक्षा नवी घाला.

बॉबीन आणि तिची केस

वरचं सगळं पक्कं झाल्यावरच इकडे या. केसवरच्या पट्टीला दोन स्क्रू असतात. टोकाचा छोटा नुसता पट्टी धरून ठेवतो, त्याला हात लावायचा नाही. मधला मोठा ताणाचा. तो फिरवायचाच असेल तर एका वेळी घड्याळाचा मिनिटकाटा पाच-सात मिनिटांत फिरतो तेवढाच, आणि किती फिरवला ते लिहून ठेवा. त्याआधी पट्टीखाली व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा सरकवून साचलेला मळ काढा. निम्म्या वेळा स्क्रूला हात लावायची गरजच उरत नाही. पट्टीच्या कडेला दोऱ्याने कापलेली खाच नखाला लागत असेल तर केस बदला. पॉलिस्टर दोरा वर्षानुवर्षं एकाच जागेवरून घासत गेला की अशी खाच पडते, आणि मग ताण कधी घट्ट तर कधी सैल होत राहतो.

बॉबीन घालताना उघड्या बाजूने पाहिलं असता दोरा वरून उजवीकडे सुटायला हवा. तो खाचेत ओढला की उलटा वळून पट्टीखाली जातो. वळण पडत नसेल तर बॉबीन उलटी पडलीय. मग केस दोऱ्याने लोंबकळत धरा: आपोआप खाली जाऊ नये, मनगटाने हलका झटका दिला की दोन-तीन सेंटीमीटर उतरून थांबावी.

बॉबीन सपाट तोंडाची हवी. किंचित फुगीर तोंडाची बॉबीन दिसायला सारखीच असते, पण ती ६६ नंबरच्या घडणीची. १५ च्या केसमध्ये ती डगमगते. काठोकाठ भरू नका, कडेपासून मिलीमीटरभर मोकळी ठेवा. (बॉबीन भरताना चाकाचा मधला गोल स्क्रू सैल केला असेल तर तो पुन्हा आवळा. नाहीतर चाक गरागरा फिरेल आणि सुई जागची हलणार नाही. मशीन बिघडलं म्हणून येणाऱ्या तक्रारींत ही हमखास असते.)

केस जागेवर बसली की टिक असा आवाज यायला हवा, आणि तिचं वर आलेलं बोट शटलला धरणाऱ्या कड्याच्या खाचेत मोकळं राहायला हवं. वरच्या दोऱ्याला त्या फटीतून जायचं असतं.

शटलचं घर

बॉबीन केस काढा, सुई वर घ्या, मशीन बिजागरीवर मागे कलंडवा. शटलला धरून ठेवणारं कडं काही मशीनवर दोन स्क्रूंनी, काहींवर दोन बाजूंच्या खिट्ट्यांनी बसवलेलं असतं. ते काढून शटल मधल्या खुंटीला धरून बाहेर घ्या. आत काय सापडेल सांगता येत नाही: दोऱ्याचे तुकडे, मोडक्या सुईचं टोक, आणि तळाशी नमद्यासारखा दाबून बसलेला पिंजर. घराच्या कडेने गेलेला केसाएवढा एक दोरादेखील शटलला दर फेरीला झटका देतो. टोकदार काडीने तो काढा, मग रॉकेलने पुसा, कोरडं करा आणि शटल फिरतं त्या खोबणीत तेलाचा एकच थेंब सोडा. बसवताना शटल आपल्या चंद्रकोरीत नीट बसलं तर कडं आपोआप सपाट बसतं. दाबावं लागतंय म्हणजे चुकलंय.

शटलच्या टोकावरून आणि प्लेटमधल्या सुईच्या भोकाभोवती कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तिथे सुई आपटून खरवड उठली आहे. १००० किंवा १२०० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने तेवढीच जागा गुळगुळीत करा. टोकाची धार मात्र बोथट करू नका.

याच वेळी दात्यांवरची (कापड पुढे सरकवतात ते दाते) प्लेटही काढा. दात्यांच्या ओळींमध्ये पिंजर भरला की दाते कापडाला पुरते लागत नाहीत, कापड एका जागी रेंगाळतं, टाक्यावर टाका पडतो आणि खाली गोळा होतो. हे जाळं ताणाचं नव्हे, न सरकणाऱ्या कापडाचं.

सुई

सुई बदला. ती चांगली दिसत असली तरी बदला. किनाऱ्यावर, कोकणात आणि गोव्यात, पावसाळाभर मशीनला लागून राहिलेल्या सुईवर डोळ्यांना न दिसणारा गंज चढतो आणि दोरा भोकात अडखळतो. पाकिटावर १५×१, एचए×१ किंवा १३०/७०५ यांपैकी काहीतरी असावं, तिन्ही एकच. टेलरच्या मोठ्या मशीनची गोल दांड्याची सुई घालू नका. सपाट बाजू उजवीकडे, म्हणजे चाकाकडे. लांब खोबण डावीकडे. दोरा डावीकडून उजवीकडे. सुई थेट वरपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळायचा. वॉइलला ११ नंबर, रुबिया आणि साध्या सुतीला १४, चादरीला १६, जीन्सला १६ किंवा १८.

सुई आपटल्यापासून टाकेच सुटू लागले असतील तर सुईचा दांडा वर सरकला असण्याची शक्यता आहे. सुई सगळ्यात खाली जाऊन साधारण २.४ मिलीमीटर वर आली की शटलचं टोक तिच्या मागे, भोकाच्या सुमारे १.६ मिलीमीटर वर दिसायला हवं. हे मात्र जाणत्या मिस्त्रीकडून करून घेतलेलं बरं. नुसत्या जाळ्यासाठी दांडा सैल करणाऱ्याला थांबवा.

खोबरेल

या मशीनचा सर्वांत मोठा शत्रू स्वयंपाकघरात असतो. मशीनचं तेल संपलं म्हणून खोबरेल किंवा गोडंतेल घातलं जातं, दोन दिवस मशीन लोण्यासारखं चालतं, आणि हिवाळ्यात त्याचं लाखेसारखं पिवळं कवच होतं. टेन्शनची पिन चिकटते ती यानेच. फूट खाली सोडला तरी दांडा हळूहळू उतरतो, चाक जड लागतं, तेही यानेच. अशा मशीनला आधी डाव्या टोकाची झडप काढून हलणाऱ्या प्रत्येक सांध्यावर रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी दोरा न घालता चाक हाताने फिरवा. फारच चिकटलं असेल तर रॉकेल पुसून वाळल्यावर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा सांध्यावर धरा, मग फिरवा. विझवलेल्या चुलीजवळही हे काम करू नका. सगळं सैल झाल्यावर पांढरं, पातळ मशीन ऑइल प्रत्येक भोकात एक-एक थेंब. रोज शिवत असाल तर आठवड्यातून एकदा, एरवी महिन्यातून.

काळ्या अंगावर मात्र स्पिरिट फिरवू नका. जुन्या सिंगरवर रंगावर लाखेचा हात असतो, तो स्पिरिटने विरघळतो आणि सोनेरी नक्षी पांढुरकी पडते. तिथे तेलाचं बोट आणि मऊ फडकं पुरे.

गोधडीवर जाळं होत असेल तर

साध्या कापडावर टीप सुरेख आणि गोधडीवर किंवा जीन्सच्या दुमडीवर जाळं, ही तक्रार वेगळी. तिथे बहुतेकदा सुई बारीक असते, किंवा जाडीवर चढताना फूट तिरपा होतो. १८ नंबरची सुई घाला, टाका लांब करा, इंचाला ७-८, आणि दुमडीवर चढताना फुटाच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी ठेवा म्हणजे फूट सपाट राहतो. सगळ्यात जाड जागी पाय सोडून चाक हाताने फिरवा. हातचाकाने एक एक टाका घालत साडीच्या सहा पदरांतून सुई पार करता येते, ते या मशीनच्या ओतीव लोखंडामुळे. अंग जड असल्याने सुई अडली तरी दांडा डगमगत नाही आणि शटलचं टोक जागचं हलत नाही. जाड थरासाठी वरचा नट अर्धा फेरा आवळावा लागतो. गोधडी संपली की तो परत सैल करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या ब्लाउजवर दोरा तुटत राहील आणि पुन्हा शोध सुरू होईल.

टीप अर्ध्यात असताना जाळं अडकलंच, तर कापड खेचू नका. खेचल्याने सुई वाकून प्लेटवर आपटते आणि पुढची खरवड तिथूनच उठते. फूट वर करा, वरचा दोरा सुईजवळ कापा, बॉबीन केस बाहेर काढा, चाक पाव फेरा मागेपुढे डोलवून कापड सुटं करा आणि कापडाखालचा गुंता कात्रीने कापा. काम झाल्यावर सुती कापडाचा दुहेरी तुकडा फुटाखाली ठेवून फूट खाली टाका. रात्रभर ठिबकलेलं तेल तो टिपून घेतो, आणि सकाळची पहिली वीतभर टीप त्याच्यावरच मारून बघायची.